तासभर वाट बघायला लावणारा दगडी देव

दाइमाजिन मी पहिल्यांदा बघितला तो फोनवर, रात्री साडेबाराला, जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांच्या एका क्लिपमध्ये. एक भलामोठा दगडी पुतळा, अंगावर जुन्या काळच्या योद्ध्याचं चिलखत, चेहरा एकदम शांत, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी, आणि तो सावकाश आपला हात चेहऱ्यासमोरून वर नेतो, आणि हात बाजूला होतो तेव्हा तो शांत चेहरा गेलेला असतो, तिथे हिरवट-निळा, भुवया आवळलेला, रागाने भरलेला चेहरा आलेला असतो, आणि आता त्याला डोळे असतात. खरे, ओले, माणसाचे डोळे. बस एवढंच. मी ती क्लिप त्या रात्री किती वेळा बघितली मोजलं नाही, पण झोप उडाली हे नक्की.

मग पुढच्या काही महिन्यांत दाइमाजिनचे तीनही जुने जपानी सिनेमे मिळवून नीट बघितले, काही सीन परत परत बघितले, आणि आज हे सगळं लिहायला बसलोय त्याचं मुख्य कारण असं की हे सिनेमे क्लिपमध्ये बघायचे नाहीतच. क्लिपमध्ये तुम्हाला पुतळा चालताना दिसतो, घरं मोडताना दिसतो, पण तो का चालतोय आणि त्याला चालायला लागू नये म्हणून आधीचा एक तास किती लोक किती सोसत होते ते दिसत नाही, आणि ते नाही दिसलं तर मग काय, पुतळ्याचा सूट घातलेला एक माणूस मॉडेलं मोडतोय एवढंच उरतं.

तर आधी थोडी माहिती. दाइएई नावाची जपानी फिल्म कंपनी होती. त्यांच्या टोकियोच्या स्टुडिओने १९६५ मध्ये गामेरा म्हणजे तो उडणारा राक्षसी कासव आणला, आणि तो चालला. जपानमध्ये तेव्हा अवाढव्य प्राण्यांच्या म्हणजे काइजू सिनेमांची लाटच होती, गोजिरा (आपण गॉडझिला म्हणतो तो) १९५४ पासून होताच, आणि १९६६ मध्ये तर टीव्हीवर पण अल्ट्रामॅन सुरू झाला. आता दाइएईचा दुसरा स्टुडिओ होता क्योतोला, आणि क्योतोवाल्यांचं काम वेगळं होतं, ते जिदाइगेकी करायचे, म्हणजे तलवारी, किल्ले, सामुराई, जुन्या काळातली माणसं. कुरोसावा या दिग्दर्शकाचा राशोमोन हा सिनेमा याच स्टुडिओत झाला, १९५० मध्ये. झातोइची या आंधळ्या तलवारबाजाची सिरीज इथलीच. म्हणजे इथल्या लोकांना किमोनोची घडी कशी पडते, किल्ल्याचं लाकडी दार कसं उघडतं, जुन्या घराच्या ओसरीवर संध्याकाळचा उजेड कसा पडतो हे सगळं हातातलं काम होतं. अशा लोकांना राक्षसाचा सिनेमा करायला दिला, आणि त्यांनी तो स्वतःच्या पद्धतीने केला, राक्षसाला शहरात न नेता मागे सेंगोकु काळात नेला, म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकातला तो सततच्या लढायांचा काळ, जेव्हा कोण कधी कोणाचा किल्ला घेईल आणि कोणता सरदार रातोरात आपल्याच धन्याचा गळा कापेल याचा नेम नव्हता.

तीन सिनेमे, एकाच वर्षात. दाइमाजिन एप्रिल १९६६, दुसरा ऑगस्टमध्ये, तिसरा डिसेंबरमध्ये. दिग्दर्शक तीन वेगळे, किमियोशी यासुदा, केंजी मिसुमी आणि काझुओ मोरी, आणि तिघांनीही झातोइचीचे सिनेमे केलेले. पण बाकीची महत्त्वाची माणसं तीच ठेवली, लेखक तेत्सुरो योशिदा, स्पेशल इफेक्ट्सचा दिग्दर्शक योशियुकी कुरोदा, संगीत अकिरा इफुकुबे, आणि सूटच्या आत चिकारा हाशिमोतो. कथा एकमेकांना जोडलेल्या नाहीत, गावं वेगळी, माणसं वेगळी, त्यामुळे कुठूनही सुरू करता येतं. पण पहिल्यापासूनच करा.

पहिला सिनेमा तानबा प्रांतात घडतो. डोंगरात काहीतरी आहे, जमीन हादरते, गावकरी म्हणतात माजिन, म्हणजे डोंगरात कोंडलेला दैत्य, बाहेर पडायला बघतोय, म्हणून ते मशाली घेऊन जमतात आणि त्याला शांत करायचा विधी करतात. त्याच रात्री ओदाते सामानोसुके नावाचा कारभारी आपल्या धन्याला मारतो आणि किल्ला बळकावतो. धन्याची दोन लहान मुलं, मुलगा तादाफुमी आणि मुलगी कोझासा, यांना कोगेंता नावाचा इमानी सामुराई कसाबसा बाहेर काढतो आणि आपल्या आत्याकडे नेतो, ती आत्या देवाची पुजारीण, आणि ती त्यांना घेऊन जाते डोंगरावर, जिथे जायला सगळे घाबरतात, त्या पुतळ्याजवळ. तिथे दहा वर्षं जातात.

आता या दहा वर्षांनंतरचा जो भाग आहे, जो लोक फास्ट फॉरवर्ड करतात, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. गावकऱ्यांना धरून वेठबिगारीला लावलंय, तटबंदीचं काम चाललंय, म्हातारी माणसं दगड ओढतायत, पडला की चाबूक. घाई नाही कसली. मुलं मोठी झालीयत, कोगेंता खाली गावात जातो आणि पकडला जातो, मग त्याला सोडवायला तादाफुमी जातो आणि तो पण पकडला जातो. म्हातारी पुजारीण स्वतः किल्ल्यात जाऊन सामानोसुकेला सांगते की बाबा रे थांब, देवाचा कोप होईल, आणि तो तिलाच मारतो आणि वर हुकूम सोडतो की जा, तो पुतळा फोडून टाका, म्हणजे या लोकांची आशाच संपेल. सामानोसुके झालाय र्युतारो गोमी, आणि त्याने तो माणूस अजिबात कार्टूनसारखा केलेला नाही, त्याला खरंच देवबिव काही वाटत नाही, तो शांतपणे हिशोब करणारा माणूस आहे, म्हणून जास्त भीती वाटते.

आणि मग ती छिन्नी. सैनिक डोंगरावर जातात, पुतळ्याच्या कपाळावर ही एवढी लोखंडी छिन्नी लावतात आणि घणाचे घाव घालतात. एक, दोन, तीन. आणि दगडातून रक्त येतं. एक बारीक धार, कपाळावरून खाली ओघळत येणारी. सगळे थांबतात. पुढच्याच क्षणी जमीन फाटायला लागते.

हा सीन मी आईबरोबर बघितला. आई मूळची वेंगुर्ल्याकडची, जपानी सोडा, सबटायटल्सही ती वाचत नव्हती, चष्मा आत राहिला होता. मी मध्ये मध्ये सांगत होतो हा कोण ती कोण. पण छिन्नी कपाळाला लागली तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही, ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "देवाक हात लावल्यान. आता ह्येंचा काय खरा नाय."

तिला हे पटकन कळणारच होतं. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, माणसापेक्षा कितीतरी उंच मूर्ती, हातात तलवार, आणि लोक त्याला चपला वाहतात, खऱ्या चामड्याच्या, मोठ्ठ्या मापाच्या, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात असं सगळे मानतात. लहानपणी मी त्या चपला बघितल्यात, झिजलेल्या दाखवायचे मला. म्हणजे मूर्ती जी दिवसा उभी असते आणि गरज पडली की चालते, ही कल्पना आमच्याकडे परकी नाहीच. आणि कोझासा जेव्हा त्या पुतळ्यासमोर बसून रडते, सगळं सांगते, माझा भाऊ मारला जाणारे, गाव मरतंय, माझा जीव घे पण त्यांना वाचव, तेव्हा ते सरळ सरळ गाऱ्हाणंच असतं. कोकणातल्या माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही.

पण फरक आहे, आणि हा फरकच सिनेमाचा गाभा आहे असं मला वाटतं. दाइमाजिन राखणदार नाहीये. कथेनुसार दगडी पुतळा त्या माजिनाला कोंडून ठेवणाऱ्या युद्धदेवाचा, म्हणजे देव आणि ज्याला देवाने दाबून ठेवलंय तो, दोघं एकाच दगडात. म्हणून तो शांत चेहरा आणि तो रागावलेला चेहरा. जागा झाल्यावर तो किल्ल्याकडे चालत जातो, तिथे तादाफुमी आणि कोगेंताला खांबांना बांधून मारायची तयारी चालू असते, तो भिंती फोडत आत येतो, सैनिक साखळ्या टाकतात, काही उपयोग होत नाही, शेवटी सामानोसुकेला हातात पकडतो, आणि आपल्या कपाळातली तीच छिन्नी, जी इतका वेळ तिथेच रुतलेली आहे, ती उपसून त्याच्या छातीत घालतो. इथे बाकीचा कुठलाही सिनेमा संपला असता. इथे संपत नाही. माजिन थांबतच नाही. ज्यांना सोडवायला आला त्यांच्याच झोपड्यांकडे वळतो. त्याला आता कोण सरदार आणि कोण वेठबिगार काही दिसत नाही, राग नुसता राग असतो, एकदा सुटला की सुटला. गावकरी ज्याची पूजा करत होते त्याच्यापासूनच पळत सुटतात.

मला इथे नृसिंहाची गोष्ट आठवते. लहानपणी ऐकताना खांब फाटून देव आला, हिरण्यकश्यपूला मांडीवर घेऊन फाडला, इथपर्यंत आम्ही टाळ्या वाजवायचो, पण गोष्टीचा पुढचा भाग, की त्यानंतरही नृसिंहाचा राग शांत होईना, सगळे देव लांब उभे राहिले, कोणाची पुढे जायची हिंमत होईना आणि शेवटी लहानग्या प्रल्हादाला पुढे जावं लागलं, तो भाग मला मोठा झाल्यावर कळला. दाइमाजिनमध्ये प्रल्हादाच्या जागी कोझासा आहे. ती धावत जाऊन त्याच्या पायाशी पडते आणि म्हणते बस आता, आणि तिचे अश्रू त्याच्या दगडी पायावर पडतात. आणि तो थांबतो, हात परत चेहऱ्यासमोरून जातो. मिवा ताकादा या नटीने हे सगळं काम केलंय, आणि तिच्यासमोर बहुतेक वेळा एक निर्जीव पुतळा आहे, समोरून काहीही परत मिळत नसताना तिने तो विश्वास उभा केलाय.

आता तो पुतळा खरा का वाटतो याबद्दल बोललंच पाहिजे, कारण मला या भागात खूप रस आहे आणि याबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

गोजिरा १९५४ चा होता ५० मीटर उंच. म्हणजे त्याच्या सिनेमातल्या इमारती साधारण खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या करायच्या. दाइमाजिन आहे फक्त साडेचार मीटर, म्हणजे पंधरा फूट. दुमजली घराएवढा पण नाही. आता सूटमधला माणूस सहा फुटाच्या आसपासचा धरा, तर पंधरा भागिले सहा, अडीच. म्हणजे किल्ल्याची भिंत, दरवाजा, कौलं, सगळं खऱ्याच्या अडीचपट लहान केलं की झालं. तसंच केलं त्यांनी. आणि अडीचपट लहान म्हणजे जवळजवळ खरंच की! कौल असं हातात घेण्याएवढं मोठं, लाकडाचा वासा खरा वासा, तो मोडतो तेव्हा लाकूड मोडतं तसाच मोडतो, माती पडते ती मातीसारखीच पडते. कॅमेरा जास्त स्पीडला चालवून शूटिंग केलं की पडद्यावर पडझड सावकाश दिसते आणि वजन येतं, ही युक्ती सगळेच काइजूवाले वापरायचे, पण इथे मॉडेलच एवढी मोठी असल्यामुळे ती युक्ती दिसून येत नाही. शिवाय पुतळ्याची पूर्ण मापाची प्रतिकृतीही बनवली होती, त्यामुळे माणूस आणि देव एकाच फ्रेममध्ये, एकाच उजेडात उभे राहू शकतात, आणि जिथे ते शक्य नव्हतं तिथे निळ्या पडद्यासमोर शूट करून जोडकाम केलंय. १९६६ साली. पहिल्याचा कॅमेरामन फुजिओ मोरिता, आणि त्याने इफेक्ट्सचे शॉट आणि बाकीचा सिनेमा यांचा रंग, सावली, धूळ इतकी एकसारखी ठेवलीय की शिवण दिसत नाही.

पंधरा फुटांचा आणखी एक परिणाम होतो जो आकड्यात सांगता येत नाही. पन्नास मीटरच्या प्राण्याला तुम्ही दिसतच नाही, तुम्ही मुंगी. पंधरा फुटांचा देव तुमच्याकडे बघतो. वाकून. तो तुम्हाला, नेमकं तुम्हाला, शोधत येऊ शकतो, तुम्ही ज्या खोलीत लपलाय त्या खोलीची भिंत काढून आत हात घालू शकतो. सामानोसुकेची पळापळ म्हणून इतकी भयंकर वाटते.

आणि बघण्याचं म्हणाल तर ते डोळे. सूट बनवला र्योसाकु ताकायामाने, ज्याने त्याच काळात अल्ट्रामॅनमधले कितीतरी प्राणी बनवले. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी काच वगैरे न लावता आतल्या नटाचे स्वतःचे डोळे दिसू दिले. आतला नट चिकारा हाशिमोतो, हा आधी व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होता, दाइएईचे मालक मासाइची नागाता यांच्याच मालकीच्या ओरायन्स टीममध्ये, आणि तिथून सिनेमात आला. त्याने ठरवून पापणी लवू दिली नाही. धूळ उडतेय, वाळू उडतेय, भिंती पडतायत आणि तो माणूस डोळे सताड उघडे ठेवून चालतोय, त्यामुळे डोळे लाल झाले, आणि तो लालपणा पडद्यावर सरळ दिसतो, मेकअप नाहीये तो. तुम्ही ब्रूस लीचा फिस्ट ऑफ फ्युरी बघितला असेल तर हाशिमोतोला तुम्ही बघितलंय, त्यातला जपानी व्हिलन सुझुकी तो हाच. तीन सिनेमांत एक शब्दही न बोलता, नुसत्या डोळ्यांनी आणि चालीने त्याने देव उभा केला. मला तर हा अभिनयातला फार मोठा भाग वाटतो, आणि सूटमधल्या नटांचं नाव कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं.

शांत चेहरा कुठून आला तेही सांगतो. जपानमध्ये कोफुन काळात, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सहाव्या शतकात, मोठमोठ्या थडग्यांवर मातीच्या पोकळ बाहुल्या ठेवायचे, त्यांना हानिवा म्हणतात. त्यातला चिलखत घातलेला एक योद्धा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याचा फोटो शोधून बघा, तोच चेहरा, तेच शिरस्त्राण, त्याच फटींसारख्या डोळ्यांच्या रेषा. म्हणजे सेंगोकु काळातल्या माणसांसाठीसुद्धा हा देव हजार वर्षं जुना आहे, त्यांच्या तलवारी-बंदुकांच्या आधीचा. वेशभूषेतूनच ते सांगितलंय, संवादात कुठे सांगत बसले नाहीत. कल्पनेचं मूळ मात्र युरोपातलं, गोलेम या ज्यू दंतकथेतल्या मातीच्या माणसावर जुना सिनेमा होता, तो बघून हे सुचलं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं कारण सिनेमात ते परकेपण कुठेच जाणवत नाही, पूर्ण जपानी मातीतलं वाटतं.

इफुकुबेचं संगीत. गोजिराचं संगीत ज्याचं तोच हा, आणि गोजिराची ती डरकाळी, कॉन्ट्राबासच्या तारेवर चामड्याचा हातमोजा घासून काढलेली, ती पण त्याच्याच डोक्यातली. दाइमाजिनसाठी त्याने खालच्या पट्टीतली पितळी वाद्यं घेतलीयत, मोजके सूर, जड, परत परत. पाऊल, सूर, पाऊल, सूर. हेडफोन लावून ऐका. मी बसमध्ये ऐकतो कधीकधी आणि बाहेरचा ट्रॅफिक पण वेगळा वाटायला लागतो.

दुसऱ्या सिनेमाबद्दल थोडक्यात सांगतो. इथे पुतळा तलावातल्या बेटावर आहे, तलावाच्या दोन्ही बाजूंना दोन शांत मुलुख, आणि शेजारचा मिकोशिबा दांजो नावाचा सरदार ते गिळायला येतो. या वेळी पुतळ्याला बंदुकीची दारू लावून उडवतात, तुकडे तलावात बुडतात, आणि सगळ्यांना वाटतं संपलं. मग तलाव दुभंगतो आणि मधल्या वाटेने तो चालत येतो, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती. दिसायला तिन्हीत सगळ्यात देखणा हाच, मिसुमीची फ्रेम म्हणजे फ्रेमच असते. पण मला गोष्ट पहिल्यासारखीच वाटली, तीच सात्त्विक मुलगी, तोच पकडलेला नायक, तोच वधस्तंभ. चार महिन्यांत दुसरा काढायचा म्हटल्यावर तसं होणार. शेवट मात्र वेगळा आहे, पहिल्यात तो माती होऊन ढासळतो, इथे पाणी होतो.

तिसरा लोकांना कमी आवडतो असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं, आणि मला ते अजिबात मान्य नाही. तिसरा माझा लाडका आहे. यात राजकन्या नाही, सरदाराचा मुलगा नाही, चार गरीब पोरं आहेत. त्यांचे बाप-भाऊ लाकूड तोडायला गेलेले, त्यांना आराकावा नावाच्या सरदाराने धरून नेलंय आणि गंधकाच्या उकळत्या कुंडांजवळ, नरकदरी म्हणतात तिथे, बंदुकीची दारू बनवायला जुंपलंय. जपानमध्ये बंदुका आल्या १५४३ मध्ये, पोर्तुगीजांबरोबर, आणि त्यानंतर दारूसाठी गंधक म्हणजे सत्ता, त्यामुळे ही गोष्ट हवेतली नाही. तर ही चार पोरं मोठ्यांना न सांगता माजिनाचा डोंगर ओलांडून निघतात, कारण बाकीच्या वाटा बंद. आणि मग पाऊण-एक तास नुसता प्रवास. नदी, जंगल, भूक, थंडी, पाठीवर सैनिक, डोक्यावर घिरट्या घालणारा देवाचा ससाणा. पुतळ्यासमोरून जाताना पोरं घाबरत घाबरत नमस्कार करतात आणि सांगतात की आम्हाला जाऊ दे, आम्ही वाईट काही करायला आलेलो नाही. चारातला एक जण वाटेत नदीत जातो. मुलांच्या सिनेमात असं करायची हिंमत फार कमी जणांची असते. त्यानंतर उरलेल्या तिघांची चाल बदलते, बघा नीट, मोरीने ते एकही संवाद न वापरता दाखवलंय.

आणि शेवटी बर्फ. त्सुरुकिची नावाचा त्यातला मोठा मुलगा, मित्र थंडीने मरायला टेकलेत, तर देवाला म्हणतो मला घे आणि ह्यांना वाचव, आणि कड्यावरून उडी टाकतो. आणि तेव्हा तो जागा होतो, बर्फाच्या वादळात, आणि पहिल्यांदाच, तीन सिनेमांत पहिल्यांदाच, कमरेची तलवार उपसतो. इतके दिवस ती तिथे होती. दोन सिनेमे तिला हातही लावला नाही, आणि उपसली ती एका लाकूडतोड्याच्या पोरासाठी. मला इथे दर वेळी भरून येतं, तिसऱ्यांदा बघतानाही आलं. शेवटी तो बर्फाचा भुगा होऊन वाऱ्याबरोबर जातो. माती, पाणी, बर्फ, असे तीन शेवट.

या तिन्हींनंतर चौथा आला नाही. पैसे खूप लागायचे, एवढी मोठी मॉडेलं म्हणजे खर्च, आणि दाइएई कंपनीच १९७१ मध्ये बुडाली. नाव मात्र जपानमध्ये राहिलं. काझुहिरो सासाकी म्हणून बेसबॉलचा पिचर होता, योकोहामाकडून खेळायचा, नंतर अमेरिकेत सिएटलला गेला आणि २००० मध्ये तिथला सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला, त्याचं टोपणनावच दाइमाजिन. तो शेवटच्या इनिंगला यायचा आणि मॅच संपवायचा. ज्याने हे नाव दिलं त्याला सिनेमा पूर्ण कळला होता. टोकियोजवळ चोफूला आता जो कादोकावा दाइएई स्टुडिओ आहे त्याच्या दारात आजही दाइमाजिनचे पुतळे उभे आहेत, एकदा तिथे जाऊन उभं राहायचंय मला.

सामुराई काळातले राक्षस आवडले तर अजून एक सांगतो, त्याच डिसेंबर १९६६ मध्ये तोएई कंपनीने एक सिनेमा काढला, त्यात जिराइयाची जुनी लोककथा घेतलीय, बेडकाची जादू विरुद्ध सापाची जादू, शेवटी अवाढव्य बेडूक आणि ड्रॅगन एकमेकांना भिडतात आणि किल्ला मोडतो. नारुतो ही जपानी कार्टून सिरीज बघणाऱ्या पोरांना जिराइया, ओरोचिमारू, त्सुनादे ही नावं पाठ असतात, ती सगळी या लोककथेतली. माझा भाचा नारुतोवाला आहे, त्याला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्पच झाला. तो सिनेमा मजेचा आहे, रंगीत, धमाल, जादूगारांची मारामारी. दाइमाजिनसारखा आत जात नाही पण दिवाळीच्या सुट्टीत पोरांबरोबर बघायला एकदम मस्त.

बघायचं कसं, तर एकच विनंती आहे, रात्री बघा, लाईट बंद करून, फोन दुसऱ्या खोलीत, आणि पुढे पळवू नका. तिन्हींपैकी एकही दीड तासाचा नाही. पहिला तासभर देव हलणार नाही, नुसता उभा राहील, आणि तुम्हाला त्या गावकऱ्यांसारखंच वाटायला लागेल की हा ऐकतोय की नाही, आहे की नुसता दगड आहे. तसं वाटलं पाहिजे.

आईबरोबर पहिला संपला त्या रात्री, माजिन ढासळला, आत्मा उजेडाच्या गोळ्यासारखा निघून गेला, मातीचा ढीग उरला, गावकरी बघत राहिले, नावं यायला लागली. मी लाईट लावायला उठलो. आई तशीच बसून होती. म्हणाली, "म्हणजे डोंगरार आता कायच नाय?" मी म्हटलं नाही, पुतळा तर गेला. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"मगे आता ते गाराणी खंय घालतले?"

मला उत्तर येईना. दुसरा लावला.